आधी फॉरमॅट, मग खोडरबर

घरातला डेस्कटॉप चालता चालता निळा पडला, की पहिला संशय घरातल्या सगळ्यात धाकट्या माणसावर येतो. "काल रात्री काय डाउनलोड केलंस?" हा प्रश्न नसतो, निकाल असतो. मुलगा "अभ्यासाची पीडीएफ" म्हणाला तर शिक्षा वाढते, कमी होत नाही. दुसरा संशय विजेवर: "परवा लाइट गेली होती ना, तेव्हाच काहीतरी झालं." तिसरा अँटीव्हायरसवर, कारण त्याचे पैसे भरले तरी राग आणि नाही भरले तरी राग. चौथा धुळीवर. पाचवा त्या भाच्यावर, ज्यानं हौसेनं सुटे भाग आणून हा कॉम्प्युटर जुळवून दिला आणि जो आता बंगळुरूला असतो. सगळ्यांची चौकशी होते. मदरबोर्डवर उभी बसलेली ती वीतभरसुद्धा लांब नसलेली पट्टी, म्हणजे रॅम, तिला मात्र कोणी साधं "तू त्या वेळी कुठे होतीस?" असंही विचारत नाही.

रॅमचं हेच कसब आहे. हार्ड डिस्क जायला लागली की कटकट आवाज करते. पंखा घरघरतो. पॉवर सप्लाय जाताना जळका वास सोडून जातो, त्याला निरोप म्हणायला हरकत नाही. रॅम आवाज करत नाही, वास सोडत नाही, धूर काढत नाही. ती फक्त एखाद्या शून्याचा एक करते किंवा एकाचा शून्य, आणि गप्प बसते. मग ज्या बिचाऱ्या प्रोग्रॅमनं विश्वासानं तो आकडा उचलला तो कोसळतो, आणि पडद्यावर नाव त्याचं येतं. ब्राउझर पडला तर ब्राउझर वाईट, टॅली पडलं तर टॅली वाईट. दिवाळी अंकाच्या ऐन गर्दीत एखाद्या डीटीपीच्या दुकानात जाऊन बघा. बाराव्या पानावर मशीन हँग होतं, तेव्हा ऑपरेटर फाँटला शिव्या देतो, संपादक ऑपरेटरला देतो आणि लेखक, ज्याचा मजकूर सेव्ह झालेला नसतो, तो दोघांना देतो. फाँट निर्दोष असतो. एवढा निर्दोष माणूस त्या दुकानात दुसरा नसतो.

हा खोटेपणा कसा जमतो, ते थोडं समजून घेतलं पाहिजे. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. त्यांना 1968 साली तिचं पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. आता गंमत अशी की हा कपॅसिटर गळका आहे. नव्या पट्टीतला, महागड्या पट्टीतला, चमकत्या लाइटच्या पट्टीतलासुद्धा. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळी पट्टी वाचून पुन्हा भरावी लागते, आणि कॉम्प्युटर चालू असेपर्यंत हे भरणं थांबत नाही. आठ जीबीच्या पट्टीत अशा बिटांची संख्या सुमारे 6,872 कोटी होते. त्यांतला एक जरी ठरल्या वेळेआधी रिकामा झाला, तरी वर सांगितलेलं सगळं महाभारत घडायला पुरतं. खरं म्हणजे ही वस्तू बिघडते कशी यापेक्षा चालते कशी, याचंच नवल करावं.

तो एक नादुरुस्त बिट कुठं पडला यावर पुढचं सगळं ठरतं. फोटोच्या मजकुरात पडला तर आत्याच्या साडीवर एक हिरवा ठिपका येतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. झिप फाइलमध्ये पडला तर ती उघडत नाही. विंडोजच्या गाभ्यात पडला तर निळा पडदा. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून या पडद्यावर एक रडका चेहरा असायचा. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टनं पडदा काळा करायला घेतला आणि तो चेहरा काढून टाकला. रडायचं काम आता पूर्णपणे मालकाकडे आहे. त्या पडद्यावर एक नाव छापून येतं: कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. कधी सरळ 'मेमरी मॅनेजमेंट' असंही येतं, आणि ते वाचून घरातले जबाबदार लोक लगेच डी ड्राइव्हवरचे लग्नाचे व्हिडिओ पुसायला बसतात. त्यानं फक्त हार्ड डिस्कवर जागा होते. रॅमला लग्नाचं सोयरसुतक नसतं.

जाणकार माणूस नाव वाचत नाही, नावं किती बदलतात ते बघतो. रोज एकाच नावाचा पडदा येत असेल तर एखादा ड्रायव्हर बिघडला असण्याची शक्यता मोठी. सोमवारी एक, मंगळवारी दुसरं आणि बुधवारी काहीच न सांगता मशीन आपोआप रीस्टार्ट, असं झालं की रॅमकडे वळायला हरकत नाही. पण तिकडे वळण्याआधी आपल्याकडे एक संस्कार पार पाडावाच लागतो. त्याचं नाव फॉरमॅट.

दुरुस्तीला आलेला मुलगा बॅग खांद्यावरून उतरवायच्या आतच बोलतो, "काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल."

"अहो, पण डेटा?"

"डी ड्राइव्हला हात लावत नाही. सीमध्ये काही आहे का?"

सीमध्ये काही नाही, असं काका ठामपणे सांगतात. काकांचं सगळं आयुष्य डेस्कटॉपवर ठेवलेलं असतं आणि डेस्कटॉप सीमध्ये असतो, हे दोघांपैकी एकाला माहीत नसतं आणि दुसऱ्याला घाई असते.

फॉरमॅट सुरू होतो. सत्तावीस टक्क्यांवर "फाइल खराब आहे" असा निरोप येऊन अडकतो. मग पेनड्राइव्हवर आळ. दुसरा पेनड्राइव्ह येतो, आता एकसष्ट टक्क्यांवर अडकतो. खरं तर इथंच रॅम हाती लागायला हवी. पेनड्राइव्ह खराब असला तर गाडी बहुधा त्याच त्या जागी अडते. दर वेळी नव्या टक्क्यावर अडायला लागली तर फाइल वाटेत कुठंतरी बदलतेय, आणि सगळ्या फाइली रॅममधूनच जातात. पण आपल्या मुलाकडे तिसरा पेनड्राइव्ह असतो. मग हार्ड डिस्कवर आळ. शेवटी, "काका, मशीन दुकानात न्यावं लागेल. दोन दिवस लागतील."

दुकानात काय होतं, हे गिऱ्हाइकाला दिसू नये एवढ्यासाठीच ते दोन दिवस असतात. तिथं कॅबिनेटचं झाकण उघडतात, ब्लोअर मारतात, रॅम काढतात, टेबलाच्या खणातून एक खोडरबर काढतात आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर घासतात. पट्टी परत बसवतात. मशीन चालू होतं. या सगळ्याला चहा निवण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. पण पाच रुपयांच्या खोडरबराचं बिल कसं करायचं? म्हणून बिलावर "मदरबोर्ड सर्व्हिसिंग" असं येतं.

मी या खोडरबराच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. परदेशी तंत्रज्ञ नाकं मुरडतात, पण मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत चार महिने कॅबिनेट उभं करून बघावं आणि मग बोलावं. डीडीआर3 च्या पट्टीला 240 दात असतात, डीडीआर4 ला 288. दातांवर सोन्याचा मुलामा असला तरी त्यावर धूळ, ओल आणि हाताचं तेल मिळून एक पातळ साय धरते. एका दाताचा जरी संपर्क सुटला तरी वरच्या महाग चिपा ठणठणीत असून बिनकामाच्या. खोडरबर ती साय काढतो. आणि निम्म्या वेळा तर तोही लागत नाही. पट्टी काढून परत घट्ट बसवली एवढ्यानंच काम होतं, श्रेय मात्र खोडरबर घेतो. एवढंच पाळावं की तो पेन्सिलीचा, मऊ, पांढरा असावा. शाई खोडायचा खरखरीत निळा खोडरबर नको, कारण तो मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा जाड नसतो. दोन-चार वेळा जोर काढलात तर सोनं खोडरबरावर येईल. भुसा नीट झटकावा, स्लॉटमध्ये पडू देऊ नये. ज्यांना हा प्रकार गावठी वाटतो त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून कापडानं पुसावं. ते जास्त चांगलं. फळाच्या वासाचा रंगीत खोडरबर वापरू नये. त्यानं रॅमला काय होतं ते मला माहीत नाही, पण मुलीच्या कंपासपेटीतून तो गेला की घरात काय होतं ते माहीत आहे.

घरी हे करायला बसलात तर दोन-चार गोष्टी. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार जातो. पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, कारण अंगातली स्थिर वीज आपल्याला जाणवत नसतानाही चिप मारू शकते. पट्टी कडांना धरा. आणि बसवताना खालच्या खाचेकडे बघा. ही खाच मुद्दाम मध्यापासून थोडी सरकवलेली असते, आणि डीडीआरच्या दर पिढीत तिची जागा वेगळी, म्हणजे उलटी पट्टी किंवा चुकीच्या पिढीची पट्टी बसूच नये. ही योजना ज्यांनी केली त्यांनी आपले काका पाहिलेले नव्हते. बसत नाही म्हटल्यावर आपण खाच बघत नाही, "जरा जोर लाव" म्हणतो. बरोबर बसवतानाही जोर लागतोच, हीच पंचाईत. बोर्ड किंचित वाकतो, काळजात धस्स होतं आणि मग क्लिप टक्कन बसते. तो 'टक्' ऐकू येईपर्यंत थांबणारी माणसं थोडी. बाकीची अर्ध्यावर सोडतात आणि म्हणतात, डिस्प्ले येत नाही.

चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर त्या शेजारी शेजारी लावू नयेत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा हे स्लॉट वापरायचे असतात. पहिल्या दोनांत लावल्या की दिसतात मात्र सुबक, आणि आपल्याकडे तेच पाहिलं जातं.

जुनी मशीनं निदान बोलायची. चालू करताना रॅम सापडली नाही की आतला छोटा स्पीकर बीप द्यायचा. अवॉर्ड बायोसवर लांब लांब बीप वाजत राहिले तर रॅम. एएमआय बायोसवर तीन आखूड वाजले तर रॅमच्या पहिल्या 64 केबीत घोटाळा. सगळं कुटुंब कान लावून उभं राहायचं. "तीन वाजले." "नाही, दोन लांब आणि एक आखूड." "परत चालू कर." हल्लीच्या कॅबिनेटांत तो स्पीकरच नसतो, बोर्डावर एक बारीक दिवा लागतो आणि त्याच्या शेजारी मुंगीच्या अक्षरांत डीरॅम असं लिहिलेलं असतं. डीडीआर5 चा मामला तर आणखी पुढचा. नवी पट्टी लावल्यावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिच्याशी वेळा जुळवत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तोवर पडदा कित्येक मिनिटं काळा राहू शकतो. या काळात काही करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. आपल्याकडे हे कोणाला जमत नाही. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी प्लग काढतो, परत लावतो, आणि बोर्ड बिचारा पहिल्यापासून सुरुवात करतो.

खोडरबरानं भागलं नाही, तर मात्र शिस्त लागते. नियम साधा आहे: एका वेळी एकच बदल. एक पट्टी, एक स्लॉट. चाललं तर तीच पट्टी काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी. दुसरीवर पडलं तर दुसरी दोषी. दोन्ही पट्ट्या त्या स्लॉटमध्ये पडतात आणि शेजारच्यात चालतात, तर पट्ट्या निर्दोष, बोर्ड बघा. प्रोसेसरच्या सॉकेटची एखादी पिन वाकलेली असली किंवा कूलरचे स्क्रू कोणी पैलवानानं आवळलेले असले, तरी अर्धे स्लॉट मुके होतात. हे तर्कशास्त्र सातवीच्या मुलाला कळतं. अवघड आहे ते 'एकच'. घरात चार माणसं जमली की एक जण ब्लोअर मारतो, दुसरा केबल हलवतो, तिसरा पट्टी बदलतो आणि चौथा देवाला नमस्कार करतो. मशीन चालू होतं, पण कशानं, ते कोणालाही कळत नाही. पुढच्या गुरुवारी परत पडतं, तेव्हा केबल हलवणारे आणि नमस्कार करणारे असे दोन पक्ष झालेले असतात.

खरा तपास मेमटेस्ट86 करतो. ख्रिस ब्रेडी यांनी हा प्रोग्रॅम 1994 मध्ये लिहिला. त्याच्यापासून निघालेला मेमटेस्ट86+ फुकट मिळतो आणि आजही लोक सांभाळतात. तो पेनड्राइव्हवरून थेट चालतो, विंडोज सुरूच होत नाही, त्यामुळे विंडोजवर खापर फोडायची सोयच राहत नाही. तो प्रत्येक जागी काहीतरी लिहितो, परत वाचतो, उलटं लिहितो, परत वाचतो. एक चाचणी तर अशी की सगळ्या रॅममध्ये एक नमुना भरायचा, काही मिनिटं मुद्दाम काहीच करायचं नाही आणि मग बघायचं कोण काय विसरलं. गळका बिट तिथं सापडतो. विंडोजच्या पोटातही व्हिस्टापासून एक मेमरी डायग्नॉस्टिक आहे; तो बरा आहे, पण फार मऊ मनाचा. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक निघाली तरी पट्टी नापास. "अहो, अब्जावधींत एकच तर आहे" हा युक्तिवाद इथं चालत नाही.

रात्रभर चाचणी निर्मळ निघाली आणि मशीन तरीही पडतंय, असंही होतं. तेव्हा बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करून बघावं. पट्टीवर छापलेला 3200 हा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडाटातला पगार: अगदी खोटा नसतो, पण तो कोणत्या परिस्थितीत मिळतो ते विचारायला हवं. नुसती लावली तर ती पट्टी 2133 किंवा 2400 किंवा 2666 अशा सोज्ज्वळ वेगानं चालते. 3200 साठी एक्सएमपी नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि ते प्रत्येक प्रोसेसरला, प्रत्येक बोर्डाला झेपतंच असं नाही. ते बंद केलं की मशीन शांत होतं. मालक मात्र अस्वस्थ होतो, कारण त्यानं मित्रांना 3200 सांगितलेलं असतं. त्यानं ते तसंच सांगत राहावं, पट्टी काही बोलणार नाही.

आपल्या दुरुस्तीवाल्यांनी अजून एक सबब वापरलेली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. ती म्हणजे आकाश. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी 1979 च्या निबंधात दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी द्रव्याच्या सूक्ष्म अंशातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. चिप धडधाकट, आकडा चुकीचा. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळेही हेच होऊ शकतं. 2003 साली बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात निवडणूक झाली, तेव्हा मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य होती त्याहूनही जास्त मतं पडली. जादा मतं बरोबर 4096 होती. हा दोनाचा बारावा घात, म्हणजे एकच बिट उलटल्याची सही. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही, आणि संशय वैश्विक किरणापर्यंत गेला. विचार करा, "काका, तुमच्या मशीनला वैश्विक किरण लागलाय" असं कोणी म्हटलं तर काय उलट तपासणी करणार? पण सबब मोठी असली तरी घरच्या मशीनला ती सहसा लागू पडत नाही. टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलचे संशोधक यांनी 2009 मध्ये गूगलच्या सर्व्हरांतल्या पट्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका निघाल्या होत्या, आणि बहुतेकांचं कारण आकाशातलं नव्हतं, पट्टीतलंच होतं. सर्व्हरना ईसीसी रॅम असते, ती चुकलेला एक बिट जागच्या जागी दुरुस्त करते आणि नोंदही ठेवते. तुमच्या-आमच्या घरी साधारणपणे ती नसते. घरी चूक दुरुस्त होत नाही, नोंदही होत नाही, नुसता आरोप होतो.

पट्टी नापासच झाली तर नवी घ्यायला जावं लागतं. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला जाल. त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावानं रॅम मिळाल्याचं ऐकिवात नाही. जुनी पट्टी सोबत न्या. "डीडीआर3 की 4?" या प्रश्नाला "पिवळ्या रंगाची" हे उत्तर दुकानदारानं फार वेळा ऐकलंय. आणि भाव ऐकून दचकू नका. रॅम बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना हवी तेवढी रॅम पुरवताना 2025 च्या अखेरीस घरगुती पट्ट्यांचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं आपला क्रूशल हा घरगुती ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे जगातली हुशार यंत्रं कविता लिहायला शिकताहेत आणि त्यासाठी काकांच्या टॅलीची पट्टी महागलीय. तेव्हा पैसे मोजण्याआधी जुन्या पट्टीची वॉरंटी बघा. पुष्कळ कंपन्या आयुष्यभराची देतात. अट एवढीच की बिल हवं, आणि बिल असतं थर्मल कागदाचं, ज्याच्यावरची अक्षरं रॅमच्या आधी उडालेली असतात. जोडीनं विकलेल्या पट्ट्या असतील तर एक बिघडली तरी बहुधा दोन्ही पाठवाव्या लागतात, म्हणजे तोवर कॉम्प्युटर बिनरॅमचा.

म्हणून एवढीच विनंती. फॉरमॅट मारायला माणूस बोलावण्याआधी पट्ट्या काढून पुसून परत बसवा, टक् आवाज येईपर्यंत. मग एक रात्र मेमटेस्ट लावून ठेवा. मॉनिटरवर "चाचणी चालू आहे, बंद करू नये" अशी मोठ्या अक्षरांतली चिठ्ठी चिकटवा, नाहीतर रात्री पाणी प्यायला उठलेलं कोणीतरी निळ्या पडद्यावर धावणारे आकडे बघून व्हायरस आला म्हणून मेन स्विच बंद करील. आणि सकाळी लाल ओळ दिसली, तर मशीन बंद करण्याआधी मोबाइलनं तिचा फोटो काढून घ्या. दुकानदार तोंडी साक्ष मानत नाही.